उपवासकाळाच्या तोंडावर

सोमवार, १६ फेब्रुवारी २०२६, कलिना

परवा राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा कॅथलिकांच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. मुलं झोपल्यावर चर्चचं कॅलेंडर आणि बाजाराची वही घेऊन बसले. ईस्टर यंदा ५ एप्रिलला. उपवासाचे दिवस चाळीस म्हणतो, पण बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ भरतात. मधले सहा रविवार त्यात धरत नाहीत. रविवारी प्रभूच्या पुनरुत्थानाचा आनंद, तेव्हा आमच्याकडे त्या दिवशी साधं का होईना, मटण होतं.

एका घरात माणसं पाच आणि प्रत्येकाला नियम निराळा. मांसवर्ज्य चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर, उपास अठरा ते एकोणसाठ वयात. म्हणजे बुधवारी आणि शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडेला) एक वेळ पोटभर आणि दोन वेळा थोडंसं, हे फक्त आम्हा नवराबायकोला. थोरलीची दहावीची परीक्षा याच आठवड्यात, तिला मांस नाही पण पोटभर जेवायचंच. धाकट्याला काहीच लागू नाही, तरी त्याला सगळं पाळायचं असतं. सासूबाई बहात्तरच्या. त्यांना उपासातून सूट आहे आणि साखरेची गोळी घ्यायची असल्याने उपाशी राहून चालणारही नाही. दरवर्षी त्यांची समजूत घालावी लागते. यंदा फादरांनाच त्यांच्याशी बोलायला सांगणार आहे.

बुधवारी संध्याकाळची मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे, म्हणून पोटभर जेवण रात्री. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी ह्यांना डब्यात थोडे पोहे.

उपवासकाळातल्या बाकीच्या शुक्रवारांचा विचार मात्र बराच वेळ करत बसले. नियम मांसाचा आहे, मासळीला मुभा. अंडी, दूधही चालतं. पण पापलेट तळायचं, सोबत सोलकढी करायची आणि म्हणायचं की आम्ही शुक्रवार पाळतो, हे मला पटत नाही. ते ताट शनिवारच्या चिकनपेक्षा महाग पडतं. त्यागाचा दिवस आणि बाजारात पैसे जास्त? म्हणून शुक्रवारी आमच्याकडे गरिबाचंच ताट: सुक्या बोंबलाचं वांगं-बटाटा घालून कालवण, जवळ्याची चटणी, मसूर, नाहीतर अंड्याचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या. वाचलेले पैसे त्याच दिवशी डब्यात टाकायचे. हिशोब धाकट्याकडे. तो मासळीवालीला पापलेटचा भाव विचारून येतो आणि बोंबलाचे पैसे वजा करतो. ईस्टरआधी तो डबा चर्चमधल्या गोरगरिबांच्या मदतीच्या पेटीत रिकामा होतो. हा डबा नसेल तर शुक्रवार म्हणजे नुसती भाजी बदलणं, असं मला मनापासून वाटतं.

यंदाचं कॅलेंडर बघून फार आनंद झाला. काल महाशिवरात्र होती, शेजारच्या काकूंनी साबुदाण्याची खिचडी आणि रताळी पाठवली. तळमजल्यावरच्यांचा रमजानही याच आठवड्यात सुरू होतोय. धाकट्याने विचारलं, "मम्मी, यंदा सगळ्यांचे उपास एकदम?" १९ मार्चला गुढीपाडवा, आणि तोच संत योसेफाचा सण. गुरुवार आहे, त्यामुळे पुरणपोळीच्या बदल्यात काकूंकडे गोडाची ताटली न्यायला काहीच अडचण नाही. पुढच्या वर्षी १९ मार्च शुक्रवारी येतो. तो सण मोठा असल्यामुळे त्या शुक्रवारी मांसाची बंदी नसते. ह्यांना आत्ताच सांगून ठेवलंय.

ईद २० किंवा २१ मार्चला, चंद्र दिसेल तसं. २० ला आली तर तो आमचा शुक्रवार. बिर्याणीचा डबा येणार हे ठरलेलं, आणि परत पाठवायचा प्रश्नच नाही. तो फ्रीजमध्ये जाईल, शनिवारी दुपारी पाचही जणांच्या पानात पडेल. शुक्रवारी शीरखुर्मा तेवढा घ्यायचा. खालच्या भाभींना हे सगळं माहीत आहे, त्या दोन्ही डबे वेगळेच देतात.

शुभ शुक्रवार ३ एप्रिलला. दुपारी तीनची उपासना, त्याआधी पेज आणि कैरीचं लोणचं. त्या दिवशी दुसरं काही शिजवावंसंच वाटत नाही.

ईस्टरला फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, आणि डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंदियाल. व्हिनेगर मुरलं की ते दुसऱ्या दिवशी जास्त चवदार लागतं, म्हणून शनिवारी दुपारीच शिजवून ठेवायचं. मागच्या उन्हाळ्यात करून बाटल्यांत भरलेला बॉटल मसाला शेवटच्या बाटलीत अर्धाच उरलाय. तो इंदियालसाठी बाजूला काढून ठेवला. मांसाची ऑर्डर झावळ्यांच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी मिस्सेहून येतानाच द्यायची, शनिवारी दुकानात रांग फार असते.