तुम्ही विचारलंत म्हणून : राउटर मेला तर?

मी राउटरमध्ये कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारलेली मुक्त प्रणाली टाकते, आणि ज्या मॉडेलवर ते अजून चालत नाही तिथे चालवून दाखवायच्या खटपटीत असते. हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण राउटर मेला तर?" विचारणाऱ्याची नजर स्वतःच्या राउटरकडे असते. एरवी त्याच्यावरची धूळ कुणी वर्षभर पुसत नाही.

मरतो की. माझे कितीतरी मेले, आणि बहुतेक त्याच संध्याकाळी उठून बसले.

राउटरच्या फ्लॅश चिपचे, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्याचे, कप्पे पाडलेले असतात. सुरुवातीला बूटलोडर (चालू होताना सगळ्यात आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम), मग फर्मवेअरचा मोठा कप्पा आणि सहसा टोकाला एक चिमुकला कप्पा, त्याच्याकडे येतेच. नवं फर्मवेअर जातं ते मोठ्या कप्प्यात. तिथे माती झाली तरी बूटलोडर जागेवर असतो. बिघाड नुसत्या सेटिंगचा असेल तर पेटीही उघडावी लागत नाही. ओपनडब्ल्यूआरटीच्या मूळ फाइली स्क्वॉशएफएस नावाच्या, फक्त वाचता येणाऱ्या साठ्यात असतात, त्या बदलता येत नाहीत. आपण केलेले बदल त्यांच्यावर वेगळ्या थरात साठतात. राउटर चालू होताना दिवा लुकलुकतो, तेव्हा बटण दाबलं की तो वरचा थर न चढवताच उठतो आणि १९२.१६८.१.१ वर हजर होतो. याला फेलसेफ म्हणतात. स्वतःच लिहिलेल्या फायरवॉलच्या नियमाने स्वतःलाच बाहेर कोंडून घेणाऱ्यांची ही सोय. मीही त्यातलीच.

तेवढ्याने भागलं नाही तर स्क्रू काढायचे. बोर्डवर बहुधा एका रांगेत चार भोकं दिसतात, ती राउटरशी थेट अक्षरांत बोलायच्या सिरियल जोडणीची: ग्राउंड, टीएक्स (पाठवणारं), आरएक्स (घेणारं) आणि ३.३ व्होल्ट. चौथ्याला हात लावायचा नाही, कारण वीज राउटरच्या अडॅप्टरमधून येतेच आहे. आपला टीएक्स त्याच्या आरएक्सला, त्याचा टीएक्स आपल्या आरएक्सला. वेग बहुतेक वेळा सेकंदाला ११५२०० बिट. यूएसबी-सिरियल अडॅप्टर मात्र ३.३ व्होल्टचाच हवा. घाईत ५ व्होल्टचा लावून मी एक बोर्ड खरोखरच मारला, तो काही उठला नाही. बाकीच्यांच्या बाबतीत मात्र टर्मिनलवर अक्षरं सरकायला लागतात, यू-बूट या बूटलोडरची उलटी गिनती दिसते, ती थांबवून टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवायची साधी पद्धत) इनिट्रॅमएफएस इमेज आत ओढता येते. ही इमेज पूर्णपणे रॅममधून चालते, फ्लॅशला धक्का लागत नाही. म्हणून नवं मॉडेल हातात आलं की पहिले काही दिवस मी फ्लॅशवर काही लिहीतच नाही. फक्त वाचते, आणि अख्ख्या चिपची प्रत काढून ठेवते.

ती प्रत त्या चिमुकल्या कप्प्यासाठी. अथेरॉस घराण्यातल्या चिपांवर त्याला 'आर्ट' म्हणतात. त्या एका नगाचा वाय-फायचा रेडिओ कारखान्यात मोजून, कुठे किती उणंअधिक आहे त्याचे आकडे यात भरलेले असतात. फर्मवेअर पुन्हा डाउनलोड करता येतं, हे आकडे कुठेच मिळत नाहीत. शेजारच्या त्याच मॉडेलचे आणून भरले तर वाय-फाय सुरू होईल, पण उसना चष्मा घातल्यासारखं.

ओपनडब्ल्यूआरटी सुरू झालं २००४च्या जानेवारीत, लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरवरून, म्हणून नावात 'डब्ल्यूआरटी'. त्यात लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं आणि लिनक्सच्या जीपीएल या मुक्त परवान्यामुळे कंपनीला सोर्स (प्रोग्रामचा मूळ मजकूर) खुला करावा लागला. गंमत अशी, की आज बाजारातल्या कितीतरी राउटरांचं कंपनीचं फर्मवेअर उघडून पाहिलं तर आत जुनं ओपनडब्ल्यूआरटीच निघतं. "आपल्या राउटरला असलं काही नको" म्हणणाऱ्यांना मी हे सहसा सांगत नाही.

तर, मेलेल्या राउटरचं मला फारसं वाटत नाही. तो निदान कुठे मेला ते सिरियलवर सांगून मरतो. धास्ती असते ती चालणाऱ्याची.

एका मॉडेलसाठी मी सपोर्ट लिहिला होता. डिव्हाइस ट्रीची फाइल म्हणजे बोर्डचा नकाशा: कोणता दिवा कुठे, कोणतं बटण कुठे, फ्लॅशचे कप्पे कुठून कुठपर्यंत. सगळं चाललं. माझ्याकडे तो महिनाभर एकदाही न अडखळता चालला, मग माझा पॅच, म्हणजे केलेला बदल, ओपनडब्ल्यूआरटीच्या मुख्य सोर्समध्ये गेला. पुढे एका वापरकर्त्याची तक्रार आली, की ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉप दर काही मिनिटांनी तुटतो आणि लगेच जोडला जातो. त्याने एक बारीक निरीक्षणही कळवलं होतं: "चॅनल बदलला की बरं होतं."

हे वाक्य मला चांगलंच भोवलं. चॅनल बदलून बरं होतं म्हणजे हवेत गर्दी आहे, असं मी धरून चालले. ५ गिगाहर्ट्झच्या काही चॅनलांवर रडार दिसलं की राउटरला चॅनल सोडावा लागतो, तसं होतंय का? पण त्याचा राउटर ३६ नंबरच्या चॅनलवर होता, तिथे रडारचा नियम लागत नाही. रेडिओच्या चिपचं फर्मवेअर कोसळतंय का? लॉग स्वच्छ होता. शेवटी गिट बायसेक्ट, म्हणजे सोर्समधल्या बदलांची यादी अर्धी-अर्धी करत दोषी बदल शोधणं, सुरू केलं. हजार बदलांतून दोषी बदल दहा फेऱ्यांत सापडतो, कारण दर फेरीला निम्मे बाद होतात. मी इमेज बांधायची, त्याने टाकून पाहायची आणि चांगली की वाईट ते सांगायचं. माणूस चिकाटीचा. दहाव्या फेरीला बायसेक्टने ज्या बदलाकडे बोट दाखवलं तो होता एका मदतपानावरच्या शुद्धलेखनाच्या दुरुस्तीचा.

कधी होणारी, कधी न होणारी चूक बायसेक्टला दिली की तो असाच बेधडक खोटं बोलतो. एकदा 'चांगली' म्हणून चुकीचं उत्तर गेलं की पुढचा सगळा शोध भलत्याच निम्म्यात.

मग एकदा त्याने सहज लिहिलं, "दुसरा सध्या बंद आहे, त्यामुळे आज त्रास नाही."

दुसरा?

त्याच्या घरी त्याच मॉडेलचे दोन होते, दोन्हींवर माझंच फर्मवेअर. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. मी त्याने आधीच पाठवलेला लॅपटॉपचा लॉग पुन्हा उघडला. दर वेळी तीच ओळ: डीऑथेंटिकेटेड (जोडणी तोडली), कारण ७. कारण ७ म्हणजे अॅक्सेस पॉइंट, इथे राउटर, म्हणतोय, "तू माझ्याशी जोडलेलाच नाहीस, मला डेटा का पाठवतोयस?" आणि पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्कवरची त्या यंत्राची ओळख, सुरू होत होता ००:०३:७एफ ने. ही सुरुवात अथेरॉसची, म्हणजे चिप बनवणाऱ्याची. राउटर बनवणाऱ्याची नव्हे. मी माझा राउटर पालथा करून लेबल वाचलं. तिथला पत्ता निराळ्याच आकड्यांनी सुरू होत होता. वाय-फायवर मात्र माझ्याही राउटरचा पत्ता अक्षरशः त्याच्यासारखाच.

५ गिगाहर्ट्झचा मॅक पत्ता मी आर्ट कप्प्यातून घेत होते. रेडिओचे आकडे तिथे प्रत्येक नगाचे वेगळे होते, पण पत्त्याची जागा कारखान्यात कुणी भरलीच नव्हती. तिथे चिपसोबत आलेला नमुन्याचा पत्ता तसाच पडून होता, प्रत्येक नगात तोच. खरा पत्ता बूटलोडरशेजारच्या कप्प्यात होता आणि कंपनीचं फर्मवेअर त्यात एक मिळवून रेडिओला देत होतं. आणि ओपनडब्ल्यूआरटी ५ गिगाहर्ट्झला मुळातच ३६ चॅनल लावतं. म्हणजे दोन राउटर, एक पत्ता, एक चॅनल. लॅपटॉप एकाशी बोलायचा, ते दुसऱ्याला ऐकू जायचं, तो म्हणायचा हा कोण अनोळखी, आणि हाकलून द्यायचा. चॅनल बदलला की दुसऱ्याला ऐकूच जायचं नाही. त्याचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. त्यावरून भलताच निष्कर्ष मी काढला.

पॅच मोजून पाच ओळींचा झाला. कंपनीचं फर्मवेअर पहिल्या दिवशी चालू करून लॅन, वॅन आणि दोन्ही रेडिओंचे पत्ते वहीत उतरवून ठेवले असते तर त्या पाच ओळी तेव्हाच लिहिल्या असत्या. आता उतरवते. शिवाय पॅच पाठवण्याआधी त्याच मॉडेलच्या दुसऱ्या नगाची प्रत कुणाकडून तरी मागवते आणि दोन्हींचे हेक्सडम्प (चिपमधला मजकूर आकड्यांत उतरवलेला) शेजारी लावून पाहते. जिथे दोघांत फरक दिसतो तिथे मॅक पत्ते, अनुक्रमांक आणि रेडिओचे आकडे असतात. जिथे फरक दिसायला हवा होता पण दिसत नाही, तिथे मी थांबते.

त्यामुळे "हा राउटर देते, यावर चालवून दाखवाल का?" असं कुणी म्हणालं, की माझा पहिला प्रश्न असतो, "दोन आहेत का?"