औषधाआधी पाणी तपासणारे दुकान : आमची वाटचाल

शोभिवंत माशांच्या धंद्यात एक हिशेब पूर्वापार चालत आलेला आहे. मासा मेला की गिऱ्हाईक दुसरा मासा घ्यायला येते, येताना औषधाची एखादी बाटलीही घेऊन जाते, आणि म्हणून माशांच्या मरतुकीत दुकानदाराचे काही जात नाही, असा तो हिशेब. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आम्ही दोघा भावांनी छोटे दुकान काढले, तेव्हा बाजारातल्या जाणत्या मंडळींनी आम्हाला हाच हिशेब सांगितला होता. आमच्या उधारीच्या वह्या मात्र वेगळे सांगू लागल्या. ज्याचे मासे लागोपाठ दोन-तीन वेळा मेले, ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नसे. टाकी माळ्यावर जात असे किंवा तिच्यात मनीप्लांट लागत असे. उलट ज्याच्या घरी गोल्डफिशची जोडी चार-पाच वर्षे टिकली, तो मोठी टाकी, चांगला फिल्टर, खाद्य आणि शेजारच्या दोन घरांची ओळख घेऊन परत येत असे. दुकान पुढे कोणत्या दिशेने न्यायचे हे या वह्यांवरूनच ठरले.

त्या काळी आमचा बहुतेक माल मुंबईतील कुर्ल्याच्या माशांच्या बाजारातून येत असे, आणि त्यातला बराचसा मुळात कोलकाता किंवा चेन्नईकडून निघालेला असे. म्हणजे आमच्या काउंटरवर पोहोचेपर्यंत माशाने दोन-तीन वेळा पिशवी आणि तितक्याच वेळा पाणी बदललेले असे. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो, त्यामुळे पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, उतरतो. त्याच्याच उत्सर्जनाने अमोनियाही साठतो, पण पीएच कमी असेपर्यंत तो फारसा घातक नसतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच झपाट्याने चढतो आणि तोच अमोनिया माशाच्या कल्ल्यांवर हल्ला करतो. म्हणून लांबून आलेली पिशवी बंद ठेवूनच पाण्यावर तरंगत ठेवावी, तापमान सारखे झाले की ती उघडावी, आणि मग वेळ न घालवता मासा जाळीने टाकीत सोडून पिशवीतले पाणी टाकून द्यावे, अशी पद्धत आम्ही दुकानात रुळवली. पिशवी उघडून तासभर थोडे थोडे पाणी मिसळत बसणे हे प्रेमळपणाचे वाटते, पण लांबच्या प्रवासातून आलेल्या मालाला ते महागात पडते.

दुसरे पाऊल होते मागच्या खोलीचे. गोदामाची ती खोली रिकामी करून आम्ही तेथे नव्या मालासाठी विलगीकरणाच्या टाक्या मांडल्या. तळाला खडी नाही, फक्त स्पंज फिल्टर आणि हीटर, पाणी साधारण २८ अंशांवर, आणि प्रत्येक टाकीची जाळी व पाइप स्वतंत्र, कारण ओल्या जाळीतून रोग जितक्या सहज पसरतो तितका दुसऱ्या कशातून क्वचितच पसरतो. आलेला मासा किमान दोन आठवडे या खोलीतून बाहेर काढायचा नाही, असा नियम केला. त्याची किंमत मोजावी लागली. भांडवल पाण्यात अडकून पडे, विजेचे बिल वाढले, आणि समोर पोहणारा मासा विकायला नकार देणारा दुकानदार गिऱ्हाइकाला चक्रम वाटे. शिवाय शेजारच्या दुकानात तोच मासा त्याच दिवशी आणि स्वस्तात मिळत असे. तरीही विकलेल्या माशांविषयीच्या तक्रारी जशा ओसरल्या, तसा हा खर्च जाहिरातीच्या खात्यात धरावा असे आमचे मत झाले.

पाण्याच्या चाचणीला आम्ही आलो ते गिऱ्हाइकांच्या एकाच वाक्यामुळे. ‘काल ठीक होता, आज मेला’ हे वाक्य काउंटरवर इतक्या वेळा ऐकू येई की त्यामागे रोगजंतू असणे शक्य नव्हते. नव्या टाकीत माशाच्या उत्सर्जनाचा आणि उरलेल्या खाद्याचा अमोनिया तयार होतो. फिल्टरमध्ये वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. मात्र हे जीवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपल्याकडे टाकी शनिवारी घेतली की रविवारी त्यात मासे हवेच असतात. म्हणून पाणी तपासून देणे आम्ही मोफत केले आणि पाण्याचा नमुना आणल्याखेरीज औषध द्यायचे नाही असे ठरवले. मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेतो, पर मिटून कोपऱ्यात बसतो, खाणे सोडतो, ही लक्षणे आजाराची असतात तशीच घाण पाण्याचीही असतात. पहिल्यात औषध लागते आणि दुसऱ्यात औषध हा आणखी एक भार ठरतो.

पुण्याच्या पाण्याने आम्हाला आणखी एक गोष्ट शिकवली. खडकवासल्याचे धरणाचे पाणी मृदू असते, पण उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांमध्ये टँकर सुरू होतात आणि ते पाणी बहुधा बोअरचे, जड आणि जास्त पीएचचे असते. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर पाण्यातील एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की हेच प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर जाते. थोडक्यात, मासे तेवढेच, खाद्य तेवढेच, साफसफाईही तीच, आणि तरीही एप्रिलमध्ये टाकी कोसळते. या घरांना आम्ही औषध न देता एकच सांगू लागलो, की उन्हाळ्यात खाद्य निम्मे करावे आणि पाणी एकदम न बदलता दर आठवड्याला पाचवा हिस्सा बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीनसाठी ज्याला बाजारात अँटीक्लोर म्हणतात ते सोडियम थायोसल्फेटचे खडे असतात. ते स्वस्त आहेत आणि पुरेसे आहेत.

खऱ्या आजारांत सर्वाधिक पाहायला मिळतात ते पांढरे ठिपके. डिसेंबरात रात्री गारठल्या आणि हीटर नसलेल्या टाक्यांचे पाणी उतरले की दुकानात गर्दी होते, ती नव्या खरेदीसाठी नसते. अंगावर साखर भुरभुरल्यासारखे दिसणारे हे ठिपके म्हणजे एक परजीवी असतो आणि तो माशाच्या त्वचेखाली बसलेला असल्यामुळे तेथे त्याला कोणतेही औषध पोहोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आत फुटून शेकडो पिल्ले सोडतो, आणि ती पिल्ले पाण्यात मोकळी पोहत असतात तेवढ्याच काळात औषध त्यांना मारू शकते. गिऱ्हाइकाची फसगत नेमकी येथे होते. दोन दिवस औषध घातले, ठिपके गेले, म्हणून औषध थांबवले; वास्तविक ठिपके मेलेले नसून तळाशी उतरलेले असतात आणि आठवड्याने दसपट होऊन परततात. पाणी २५-२६ अंशांवर असेल तर हे सारे चक्र साधारण आठवडाभरात पुरे होते, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून तापमान रोज एक-दोन अंश चढवत ३० अंशांपर्यंत न्यावे, गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो म्हणून हवेचा पंप वाढवावा, लिटरमागे एक ते दोन ग्रॅम खडे मीठ विरघळवून घालावे, आणि शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवावा, असा कागदच आम्ही छापून घेतला. मॅलाकाइट ग्रीन असलेले औषध वापरायचे तर फिल्टरमधला कोळसा काढून ठेवावा लागतो, आणि लोच किंवा कॅटफिश असलेल्या टाकीत मात्रा निम्मीच ठेवावी लागते.

मात्रेबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण बाटलीवरचे आकडे वाचणारे बरेच असतात पण टाकी मोजणारे थोडे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीचे माप साडेछप्पन्न लिटर येते. खडी, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तर आत पाणी जेमतेम ४५ लिटर असते. औषध बाहेरच्या मापाने घातले की ते पंचवीस टक्के जास्त होते, आणि लहान माशाला तेवढे पुरते.

पुढे रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतलेला एक तरुण आमच्याकडे कामाला आला आणि त्याच्या आग्रहाने आम्ही सूक्ष्मदर्शक घेतला. दुकानाच्या इतिहासात इतकी उपयोगी खरेदी दुसरी झालेली नाही. तोंडाभोवती कापसासारखा पुंजका दिसला की सगळे त्याला बुरशी म्हणतात. त्यात पुष्कळदा बुरशी नसून कॉलम्नॅरिस नावाचा जीवाणूजन्य रोग असतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांवर हितकारक ठरणारी उष्णता त्याला उलट बळ देते. कल्ले एकाच बाजूने उघडणाऱ्या, अंग घासणाऱ्या माशाच्या त्वचेचा पातळ खरवड काचेवर घेतला की कृमी आहेत की ठिपक्यांचा परजीवी, हे काही मिनिटांत कळते. त्या परजीवीच्या आतले घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक एकदा पाहिले की पुन्हा चुकत नाही. खवले उभे राहून पोट फुगलेल्या माशाबाबत मात्र आम्ही स्पष्ट सांगतो की हा स्वतंत्र रोग नसून आतले अवयव निकामी झाल्याची खूण आहे आणि त्यातून मासा क्वचितच उठतो.

या खुलाशाने विक्री घटली ती प्रामुख्याने प्रतिजैविकांची. माणसांच्या टेट्रासायक्लिनची कॅप्सूल फोडून टाकीत टाकण्याची पद्धत शहरात फार जुनी आहे. जड पाण्यातील कॅल्शियम हे औषध बांधून टाकते, त्यामुळे बोअरच्या पाण्यात त्याचा रोगावर परिणाम थोडा आणि फिल्टरमधल्या जीवाणूंना उपद्रव मात्र नक्की. आम्ही ती विकणे बंद केले. औषधांच्या कपाटातला बराच भाग आता चाचणीच्या संचांनी आणि थर्मामीटरनी व्यापला आहे.

आज उत्पन्नाचा मोठा वाटा वार्षिक देखभालीच्या करारांतून येतो. दवाखाने, हॉटेले, शाळा आणि काही घरे. टाकी रिकामी करून खडीपासून फिल्टरपर्यंत सगळे नळाखाली घासणे, यालाच पूर्वी सफाई म्हणत. त्याने काच चकचकीत होते आणि उपयोगी जीवाणू क्लोरीनने मरतात. आमची मुले स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळून काढतात, हातमोजे घालतात आणि पाइपने पाणी तोंडाने ओढत नाहीत, कारण माशांच्या क्षयाचा जीवाणू हाताच्या जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो. करारात एक अडचण कायमची आहे : आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश दोन फुटी टाकीत हवेत, असा वास्तूचा सल्ला. त्यातला एखादा मेला तर घरावरचे संकट त्याने घेतले म्हणून सुटकेचा निश्वास टाकला जातो आणि अमोनिया कोणी मोजत नाही. आम्ही श्रद्धेवर बोलत नाही. नऊ मासे हवे असतील तर चार फुटी टाकीचे दरपत्रक देतो, आणि बरेच जण ते स्वीकारतातही.

२०२० च्या टाळेबंदीत माल यायचा थांबला, तेव्हा देखभालीच्या करारांनीच दुकान तगले. त्याच काळात मागच्या खोलीत गप्पी आणि मॉली यांची पैदास सुरू केली. पुण्याच्याच पाण्यात जन्मलेल्या या माशांना पिशवीतला प्रवास नाही आणि पाणी बदलाचा ताणही नाही, त्यामुळे नवशिक्या गिऱ्हाइकाला आम्ही आधी हेच मासे देतो. यंदा एंजलच्या दोन जोड्या वेगळ्या काढल्या आहेत, आणि त्यांची पिल्ले विक्रीच्या आकाराची होईपर्यंत कुर्ल्याहून एंजल मागवणे थांबवले आहे.