ग्रासमान: गणिती आणि कोशकार

ऋग्वेद वाचताना शब्द अडला की मी आजही ग्रासमानचा कोश उघडते. शब्द कोणत्या ऋचेत, कोणत्या रूपात आलाय, सगळं एका जागी सापडतं. १८७३ पासून छापला गेलेला हा कोश एका शाळामास्तराने केला, आणि हा मास्तर मोठा गणिती होता, हे संस्कृतच्या वर्गात कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

हेर्मान ग्रासमान १८०९ मध्ये प्रशियातल्या श्टेटिनला जन्मला. बर्लिनला धर्मशास्त्र आणि भाषा शिकला. गणित मात्र त्याचं त्यानेच. पुढे श्टेटिनलाच शाळेत शिकवत राहिला. १८४४ मध्ये त्याचं ‘आउसडेनुंग्सलेरे’ (विस्तारशास्त्र) हे पुस्तक आलं. आज सदिश अवकाश म्हणून जे शिकवतात, त्याचा पाया त्यात आहे. त्याचा गुणाकार तर मला फारच आवडतो. अ आणि ब हे सदिश, म्हणजे लांबी आणि दिशा दोन्ही असलेल्या राशी, गुणले की त्यांच्यातला समांतरभुज चौकोन मिळतो, तोही दिशेसकट. क्रम उलटला की चिन्ह बदलतं. अ ला अ नेच गुणलं तर शून्य, कारण दोन्ही बाजू एकाच रेषेवर पडल्या की क्षेत्रफळच उरत नाही.

पुस्तक कुणी वाचलं नाही. १८४७ मध्ये त्याने विद्यापीठात जागा मागितली, तेव्हा कुमर या गणितज्ञाने शिक्षण मंत्रालयाला अभिप्राय दिला की आशय चांगला, मांडणी सदोष. जागा मिळाली नाही. कुमरचा राग येतो, पण सुरुवातीचं ते दाट तत्त्वज्ञान वाचताना त्याचं म्हणणं पटतंही. १८६२ मध्ये ग्रासमानने सगळं नव्याने लिहिलं, तरी फरक पडला नाही. पहिल्या पुस्तकाच्या सुमारे ६०० प्रती प्रकाशकाने रद्दीत काढल्या.

गणितात हरला म्हणून तो भाषेकडे वळला, असं म्हणतात. मला हे अपुरं वाटतं. नजर तीच होती. ‘बुध्’ धातूचं भविष्यकाळी ‘भोत्स्यते’ होतं. हा ‘भ’ आला कुठून? ग्रासमानने १८६३ मध्ये मांडलं की मुळात धातूत दोन महाप्राण (भ, ध यांसारखी ‘ह’चा श्वास मिसळलेली व्यंजनं) होते आणि लागोपाठ आल्यामुळे पहिल्याचा प्राण गेला. पुढे ‘ध’चा प्राण गेला की जुना ‘भ’ परत दिसतो. ग्रीकमध्येही हेच घडतं, आणि जर्मानिक (जर्मन, इंग्रजी यांच्या कुळातल्या) भाषांतले काही ‘अपवाद’ त्यामुळे नियमात बसतात.

१८७६ मध्ये ट्युबिंगेन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, ती भाषेतल्या कामासाठी. पुढच्या वर्षी तो गेला. १८४४ चं पुस्तक पुन्हा छापलं गेलं १८७८ मध्ये.