कॅसची फाईल, सेवापुस्तक आणि अप्पांचं कपाट

प्राध्यापकांच्या पगाराच्या लेव्हल १० मधून ११ मधे गेले एकदाची. पेढे वाटून झाले, फरकाचं बिलही निघालं, पण डोक्यातला राग काही उतरत नाही म्हणून लिहितेय. मी खान्देशातल्या एका तालुक्याच्या गावच्या अनुदानित कॉलेजात भूगोल शिकवते, कॉलेज आपल्या कबचौ उमविला (कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला) संलग्न. कॉलेजचं नाव घेत नाही, अजून बरीच वर्षं तिथेच काढायचीत.

बाहेरच्यांना वाटतं प्राध्यापकांचं काय, बसल्या जागी पगार वाढतो. जुलैची ३ टक्के वाढ बसल्या जागी होते हे खरंय. पण वरच्या लेव्हलला जायचं तर कॅसमधूनच (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे प्राध्यापकांची बढतीची योजना) जावं लागतं, युजीसीचं २०१८ चं रेग्युलेशन आणि त्यावर राज्याचा ८ मार्च २०१९ चा जीआर. पीएचडी असेल तर ४ वर्षांनी, एमफिल असेल तर ५, आणि माझ्यासारखी नुसत्या नेट परीक्षेवर लागलेली असेल तर ६ वर्षांनी. वर २१ दिवसांचं ओरिएंटेशनचं प्रशिक्षण वगैरे झालेलं पाहिजे. ते माझं सगळं वेळेत झालेलं होतं, फाईल लावली, आयक्यूएसीने (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाने) पुरावे तपासले, समिती बसली, विषयतज्ज्ञ भले माणूस होते, चहा थंड व्हायच्या आत शिफारस झाली.

मला वाटलं झालं. आता फक्त वेतननिश्चितीचा प्रस्ताव उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात पाठवायचा. आणि तिथे, आमच्याच कॉलेजच्या आस्थापनेच्या टेबलावर, फाईल जी बसली ती बसलीच. लग्नात रुसलेल्या मामासारखी, कोणी हात धरून उठवल्याशिवाय हलेचना.

आठवडे गेल्यावर अप्पांनी (टेबल त्यांच्याकडे, सगळं कॉलेज त्यांना अप्पाच म्हणतं) सांगितलं, "मॅडम, तुमचं सेवापुस्तक अपूर्ण आहे." म्हटलं दाखवा. पान उघडलं तर माझ्या दुसऱ्या वर्षाच्या सेवा पडताळणीची नोंद आहे, तारीख आहे, गोल शिक्का सुद्धा आहे, जरा तिरपा, आणि शिक्क्याखाली सहीची जागा कोरी. पुढच्या मागच्या सगळ्या वर्षांना सही आहे, त्याच एका ओळीला नाही.

"मग आता सही कोणाची लागेल?"
"तेव्हाच्या प्राचार्यांची."
"ते तर रिटायर झाले अप्पा."
"तेच तर म्हणतोय ना मी."

आता यावर माणसाने काय बोलायचं. ती नोंद त्यांच्याच अक्षरातली, पुस्तक त्यांच्याच कपाटात, मी सहीला पाठवायला विसरले असं तर नाही ना, पण ऐकून घ्यायचं मी. त्यावर सल्ला काय तर धुळ्याला जुन्या सरांच्या घरी पुस्तक घेऊन जा आणि सही करून आणा, मागची तारीख टाकून. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "बेटा, रिटायर झाल्यावर मागच्या तारखेची सही मी कशी करू, तुलाच पुढे त्रास होईल." आणि मग जे सांगितलं ते इतके दिवस कोणीच सांगितलं नव्हतं, की त्या वर्षाचं वेतन देयक आणि हजेरीपट काढायचा, त्यावरून आत्ताचे प्राचार्य पडताळणी करून सही करू शकतात. एवढंच!

पण हजेरीपट रेकॉर्ड रूममधे, रेकॉर्ड रूमच्या कपाटाला कुलूप, आणि अप्पा भाच्याच्या लग्नाला. शिपाई तात्या म्हणे, "मॅडम, कपाटनी चावी अप्पाकडेच शे." एप्रिलमधलं खान्देशातलं ऊन सांगायला नको. अप्पा आल्यावर मी आणि तात्या, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात गठ्ठे उपसत बसलो. हजेरीपट सापडला तो परीक्षेच्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या खाली, लाल कापडी बांधणीचा, कोपरे उंदरांनी खाल्लेले, सुदैवाने माझं पान शाबूत. प्राचार्यांनी तो आणि देयक शेजारी ठेवून पाहिलं, "वेतन देयक व हजेरीपटावरून सेवा पडताळली" असं लिहून सही केली. चहा पण आला नव्हता तोवर. त्या सहीसाठी माझा अख्खा उन्हाळा गेला. पेढे मात्र अप्पांनी दोन घेतले.

पुढे सहसंचालक कार्यालयात एकही शंका निघाली नाही, पडताळणीचा शिक्का बसून पुस्तक परत.

आकडा कसा निघतो ते पण सांगते कारण आमच्या स्टाफरूममधे अर्ध्यांना माहीत नाही. माझं बेसिक ६८,८०० होतं. आधी त्याच लेव्हलमधे एक वाढ धरायची, म्हणजे ७०,९००. हा आकडा लेव्हल ११ च्या रकान्यात शोधायचा, तिथे ६८,९०० नंतर थेट ७१,००० आहे, म्हणून ७१,०००. म्हणजे बेसिकला २,२०० वाढले, महागाई भत्ता त्याच्यावरच मोजतात म्हणून हातात जरा जास्त येतात. ४ वर्षांत जाणाऱ्याचं बेसिक ६४,९०० असतं, एक वाढ धरून ६६,८००, पण लेव्हल ११ सुरूच ६८,९०० पासून होते म्हणून त्याला थेट ६८,९००. पीएचडी आधी करून ठेवलेल्यांचा हेवा वाटतो तो इथे.

कॅसचा अर्ज ही ४, ५ किंवा ६ वर्षं भरायच्या आधी ३ महिन्यांपर्यंत करता येतो. वेळेत केला आणि पास झालात तर पात्रतेच्या तारखेपासूनच प्रमोशन धरतात, त्यामुळे "पुढच्या वर्षी बघू" कोणी म्हटलं तर ऐकू नका. अर्जावर आवक नंबर घ्या, तोंडी "ठेवा इथे" ला काही अर्थ नाही. आणि सेवापुस्तक दरवर्षी मागून बघायचा आपल्याला हक्क आहे, अप्पांनी तोंड वाकडं केलं तरी, ओळ न् ओळ बघा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

फरक एकदम जमा झाला की टॅक्स पण एकदम कापला जातो. मी इन्कम टॅक्सच्या कलम ८९ ची सूट घेतली, त्यासाठी फॉर्म १०ई ऑनलाईन भरला, आणि तो रिटर्नच्या आधी भरावा लागतो, नाहीतर सूट नाकारल्याची नोटीस येते. आमच्या एका सरांना आलीये, ते आता सीएकडे चकरा मारतायत.