इमोजी आधी, जस्टिफाय नंतर

मजकुरात इमोजी असतील आणि दोन्ही कडा सरळ ठेवायच्या (म्हणजे जस्टिफाय करायच्या) असतील, तर दोन तक्रारी हमखास एकत्र येतात: इमोजीच्या जागी रिकामा चौकोन, आणि ओळीत शब्दाशब्दांमध्ये भगदाडं. बहुतेक जण भगदाडं आधी बुजवायला घेतात, कारण ती डोळ्यांना जास्त खुपतात. पण चौकोनाची रुंदी वेगळी, इमोजीची वेगळी. फॉन्ट दुरुस्त झाला की ओळी नव्याने तुटतात आणि तोवर केलेली सगळी जुळवाजुळव पाण्यात जाते. म्हणून इमोजी आधी.

चौकोन दिसतोय की नुसती मोकळी जागा, हे नीट पाहा. चौकोन म्हणजे वापरात असलेल्या फॉन्टमध्ये ते चिन्हच नाही. मोकळी जागा असेल तर बहुधा चिन्ह सापडलंय, पण त्याचं रंगीत चित्र पीडीएफमध्ये उतरलेलं नाही. रंगीत इमोजी फॉन्टमध्ये साठवण्याच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. गुगलच्या नोटो कलर इमोजी या फॉन्टच्या रूढ आवृत्तीत पिक्सेलची चित्रं असतात, ॲपलच्या फॉन्टमध्येही चित्रंच पण वेगळ्या तक्त्यात, मायक्रोसॉफ्टच्या सिगो यूआय इमोजीत एकावर एक रंगीत थर, आणि काही फॉन्टमध्ये एसव्हीजी, म्हणजे रेषांनी आखलेली चित्रं. प्रत्येक सॉफ्टवेअरला हे सगळे प्रकार वाचता येतातच असं नाही.

लाटेक (टेक या प्रणालीवर चालणारं, आज्ञा लिहून पानं जुळवण्याचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर रंगीत इमोजी फॉन्टसाठी त्याचा पीडीएफलाटेक हा प्रकार सोडूनच द्या. झीलाटेक हा दुसरा प्रकारही नोटोची चित्रं पीडीएफमध्ये उतरवू शकत नाही. लुआलाटेक घ्या आणि फॉन्टस्पेक या फॉन्ट निवडण्याच्या पॅकेजमध्ये इमोजीचा फॉन्ट जाहीर करताना रेंडरर (अक्षरं जुळवणारा भाग) हार्फबझ ठेवा. टेक लाइव्ह या लाटेकच्या संचाच्या २०२० च्या आवृत्तीपासून लुआलाटेकमध्ये हार्फबझ आतच बसवलेलं आहे. ट्रेसिंगलॉस्टकॅर्स हे सेटिंग ३ वर ठेवलं की फॉन्टमध्ये नसलेलं प्रत्येक अक्षर थेट एरर देतं (ही सोय टेक लाइव्ह २०२१ पासूनची). पाचशे पानांत चौकोन शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फॉन्टच्या यादीत इमोजीचा फॉन्ट कधीही पहिला ठेवू नका. यूनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) इंग्रजी आकडे 0 ते 9, हॅश आणि तारांकन यांनाही इमोजीचा गुणधर्म आहे आणि नोटो कलर इमोजीत त्यांची चिन्हं आहेत. त्यामुळे दूरध्वनी क्रमांक अचानक पसरट दिसू लागतात आणि ओळ फुगते. देवनागरी अंकांना हा धोका नाही, म्हणून मराठी मजकुरात ही चूक उशिरा लक्षात येते. उलटी चूकही होते: लाल हृदय काळं छापलं जातं. त्या चिन्हाचं मूळ रूप साध्या मजकुराचं आहे. रंगीत हवं असेल तर त्यामागे एफई०एफ या यूनिकोड क्रमांकाचा अदृश्य निवडक (चिन्हाचं रूप ठरवणारं अक्षर) लागतो. तो गळला की साध्या फॉन्टमधलं काळं हृदय येतं.

अदृश्य अक्षरांचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. चॅटमधून आलेला मजकूर 'स्वच्छ' करताना शोधा-बदला वापरून २००डी, म्हणजे झिरो विड्थ जॉइनर (शेजारची चिन्हं जोडणारं, रुंदी नसलेलं अक्षर), सरसकट काढून टाकला जातो. चौघांच्या कुटुंबाचा इमोजी म्हणजे चार माणसं आणि त्यांना जोडणारे तीन जॉइनर. ते गेले की एकाच्या जागी चार इमोजी उभे राहतात, रुंदी चौपट होते आणि ओळ समासाबाहेर जाते. मराठीत याहून वाईट होतं. 'दऱ्या' हा शब्द काही कीबोर्ड र, हलंत, जॉइनर आणि य असा टाइप करतात. जॉइनर काढला की त्याचा 'दर्या' होतो. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र झाला तरी शुद्धलेखन तपासणी गप्प बसते, कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. नुक्त्याच्या ऱ ने टाइप केलेला शब्द मात्र वाचतो. त्यामुळे सफाई करण्याआधी असे सगळे शब्द ऱ च्या रूपात बदलून घ्या, आणि जॉइनर फक्त तिथून काढा जिथे तो खरोखर निरुपयोगी आहे.

आकाराचं गणित सोपं आहे. नोटोची चित्रं एका एमला (म्हणजे फॉन्टच्या आकाराइतक्या लांबीला) १०९ पिक्सेल इतकी असतात. १० पॉइंटला ती इंचाला सुमारे ७८५ पिक्सेल पडतात, म्हणजे उत्तम. २६ पॉइंटला जेमतेम ३००. त्याहून मोठ्या मथळ्यात कडा धूसर होतील. एकरंगी छपाईसाठी नोटो इमोजी हा रेषांचा फॉन्ट घ्या. तो कितीही मोठा केला तरी फुटत नाही, आणि रंगीत चित्राचा करडा डाग होण्यापेक्षा तो वाचायलाही सोपा.

इमोजी असलेल्या ओळीखाली अंतर जास्त दिसतंय? ओळींमधलं अंतर 'ऑटो' वर आहे. ते ठरावीक आकड्यावर बांधा आणि इमोजी मजकुराच्या ८५ ते ९० टक्के करा.

आता जस्टिफाय. देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवून ओळ भरायची नाही, कधीच नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. इनडिझाइन या पानं मांडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोजर निवडा, नाहीतर जोडाक्षरंच बिघडतात. शब्दांमधलं अंतर मुळातल्या ८०, १००, १३३ टक्क्यांवर (किमान, अपेक्षित, कमाल) राहू द्या, अक्षरांचं तिन्ही ठिकाणी शून्य, आणि अक्षररूंदीला ९८ ते १०२ टक्के इतकीच मोकळीक द्या. लाटेकमध्ये स्लॉपी ही आज्ञा लावण्याचा मोह टाळा: ती टॉलरन्स (ओळ किती ताणलेली चालेल याची मर्यादा) ९९९९ वर नेते, त्यामुळे तक्रारी बंद होतात पण भगदाडं राहतात. त्याऐवजी टॉलरन्स मुळातल्या २०० वरून ५०० ते ८०० पर्यंत न्या, इमर्जन्सीस्ट्रेच (अडल्यास मिळणारा जादा ताण) एक ते दीड एम द्या आणि मराठीचं हायफनेशन, म्हणजे ओळीशेवटी शब्द तोडणं, चालू आहे याची खात्री करा. शब्द तोडताना ओळीशेवटी किमान किती उरावं, हे टेक अक्षरांनी नाही तर यूनिकोड चिन्हांनी मोजतं. 'को' म्हणजे दोन. म्हणून मर्यादा ३ ठेवलेली बरी.

ओळीने सात-आठ इमोजी बिनजागेचे आले तर टेक त्यांच्यामध्ये ओळ तोडत नाही. प्रत्येकानंतर तोडायला परवानगी द्यावी लागते. ब्राउझर आणि लिबरऑफिस मात्र तिथे तोडतात, आणि शब्दाला चिकटलेला एकटा इमोजी खालच्या ओळीवर ढकलतात. तिथे मधे २०६० हा वर्ड जॉइनर (ओळ तुटू न देणारं अदृश्य अक्षर) घाला. इनडिझाइनमध्ये न तुटणारी जागा दोन प्रकारची मिळते. जस्टिफाय मजकुरात ठरावीक रुंदीची घेऊ नका, शेजारच्या जागा ताणल्या गेल्या की ती एकटी आखूड दिसते.

एखादीच ओळ भयंकर ताणलेली असेल तर तिच्या शेवटी शिफ्ट-एंटर आहे का पाहा. वर्ड आणि लिबरऑफिस, दोन्हींमध्ये अशा ओळी न ताणण्याचा पर्याय सुसंगततेच्या सेटिंगमध्ये आहे. ओळीत सहापेक्षा कमी शब्द बसत असतील, विशेषतः संवादांच्या अरुंद रकान्यात, तर जस्टिफाय बंद करून डावी कडा सरळ आणि उजवी मोकळी ठेवा.