कादिझला एक रात्र तरी राहा

स्पेनचं तिकीट काढलेलं कुणी भेटलं की मला हमखास विचारतं, "सेव्हियाहून सकाळी कादिझला जाऊन संध्याकाळी परतलं तर चालेल ना? तिथे बघायचं काय?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगते. रेल्वेने दीडेक तासाचंच अंतर आहे, तरी एक रात्र राहाच.

आधी प्लाझा दे मीना चौकातलं संग्रहालय गाठा. फिनिशियन, म्हणजे प्राचीन काळी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या, व्यापाऱ्यांनी वसवलेलं हे गाव. परंपरेने त्याचं वय तीन हजार वर्षांच्या वर मोजतात. १८८७ साली इथे एक संगमरवरी फिनिशियन शवपेटी सापडली, झाकणावर दाढीवाला पुरुष कोरलेला. पुढे संग्रहालयाचे प्रमुख झालेल्या पेलायो किंतेरो यांना खात्री होती, की याच्या जोडीची स्त्रीही इथेच कुठेतरी असणार. वर्षानुवर्षं त्यांनी उत्खननं केली. १९४६ साली ते गेले, ती काही सापडली नाही. १९८० मध्ये एका बांधकामासाठी जमीन खणताना ती वर आली, आणि तीही पूर्वी किंतेरोंचं घर होतं त्याच जागी! आता दोघं एकाच दालनात आहेत. मी तिच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मात्र किंतेरोच होते.

त्याच १९८० साली सापडलेलं रोमन नाट्यगृह जवळच आहे, तेही बघून घ्या. कॅथेड्रलचा पिवळाधमक घुमट बाहेरूनच जास्त सुंदर दिसतो. संगीताची आवड असेल तर मात्र तळघरात स्पॅनिश संगीतकार मान्युएल दे फाल्या यांची समाधी आहे, तिथे जा.

तावीरा मनोरा चुकवू नका. १७१७ मध्ये स्पेनच्या अमेरिकेशी चालणाऱ्या व्यापाराचा कारभार सेव्हियाहून इथे आला. आपलं जहाज येताना दिसावं म्हणून व्यापाऱ्यांनी घरांवर टेहळणीचे मनोरे चढवले. त्यांतले शंभराहून जास्त अजून उभे आहेत. तावीरात एक अंधारी खोली आहे. छतावरच्या आरशा-भिंगांतून खालच्या पांढऱ्या तबकडीवर अख्खं शहर उतरतं, आणि तेही जिवंत: गच्चीवरचे कपडे हलतात, समुद्रपक्षी उडतात.

भूक लागली की मासळीबाजाराच्या आसपास 'तोर्तियितास दे कामारोनेस' मागा. कणभर कोळंबी सालासकट, त्यात गव्हाचं पीठ, चण्याचं पीठ, कांदापात आणि पार्स्ली. कडक तेलात तळलेली पातळ, जाळीदार चकती. जवळ्याच्या वड्यांवर वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि संध्याकाळी ला कालेता. दोन किल्ल्यांच्या मधला लहानसा किनारा, पाण्यात मासेमारीच्या होड्या. गावातली माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन येतात आणि अटलांटिककडे तोंड करून बसतात. जूनमध्ये इथे सूर्य पावणेदहाच्या सुमारास बुडतो. परतीच्या गाडीकडे डोळे लावून तो बघता येणार नाही, म्हणून तर राहा म्हणते.