डोळ्यावरून ओळखला!

आज हर्णै बंदरावर लिलाव सोडून वरच बघत बसलो होतो. कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा थवा. यांच्यातल्या दोन जाती ओळखताना घोळ होतो. हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा काय आणि काळ्या डोक्याचा काय, दोघांचीही डोकी पांढरीच. कानापाशी तेवढा एक गडद ठिपका उरतो. नावावर विसंबलात की फसलात. (विणीच्या पिसाऱ्यात 'काळ्या डोक्याचा'ही खरं तर चॉकलेटीच असतो.)

मग पंख पाहायचे. एक कुरव वाऱ्यावर तरंगत अगदी जवळ आला. पंखांची टोकं काळीभोर, आणि त्या काळ्यात टपोरे पांढरे ठिपके. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी असते. तरी खात्री होईना. तेवढ्यात तो होडीच्या नाळेवर उतरला आणि दुर्बिणीत डोळा दिसला. फिकट, जवळजवळ पांढरा! दुसऱ्याचा गडद असतो. म्हणजे हा तपकिरी डोक्याचाच, पूर्ण वाढलेला.

शेजारच्या मावशींना दुर्बीण दिली. "रोज बघतो आम्ही यांना, डोळा कधी नाय बघितला," म्हणाल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. हे लडाखात त्सो मोरिरीसारख्या तळ्यांकाठी अंडी घालतात, असं सांगितल्यावर त्यांनी टोपलीतली एक बारीक मासळी त्याच्याकडे भिरकावली.